मोटारीचे अभिज्ञान

गेल्या आषाढात एके सायंकाळी आम्ही गिरगावात ठाकुरद्वारच्या नाक्यावर उभे असता एका मोटारीने फुलवाल्या म्हातारीची टोपली उडवली आणि मोटार क्षणात दिसेनाशी झाली. म्हातारीच्या मनगटास दुखापत झाली. हवालदाराने आम्हांस मोटारीचा क्रमांक विचारला. आम्ही पाटी पाहिली होती. पण वाचली ती 'दादा' अशी! 4141 हे आकडे तसे वळवून लिहिले होते, आणि त्यांच्या आधीची अक्षरे दिसण्याइतकी मोठी नव्हती. हवालदार हसून म्हणाला, "मास्तर, असे दादा मुंबईत पुष्कळ आहेत."

वास्तविक पाटी जन्मास आली ती अशा प्रसंगासाठीच. पॅरिसच्या पोलिसांनी 14 ऑगस्ट 1893 रोजी मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता व क्रमांक लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडात क्रमांक 1 जानेवारी 1904 पासून सक्तीचा झाला, आणि लंडनचा 'ए 1' हा क्रमांक तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे वडील बंधू अर्ल रसेल यांनी पटकावला. त्यासाठी ते रात्रभर रांगेत तिष्ठले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे पाटी आणि पाटीचा अहंकार ही जुळी भावंडेच म्हणावयाची!

आमच्या मुंबईत मोटार अवतरली ती 1898 च्या सुमारास. आरंभीच्या हिंदी मोटारमालकांत जमशेटजी टाटा होते. त्या काळी गिरगावातून घोड्यांच्या ट्रामी धावत. पुढे मुंबई राज्यातील शहराच्या मोटारींवर 'बीएम' ही आद्याक्षरे आली, 1960 नंतर 'एमआर' दिसू लागली, आणि आता ताडदेवच्या कचेरीचे 'एमएच 01' आहे.

परवा लालबागहून परळमार्गे दादरपर्यंत नातवाबरोबर पायी गेलो. वाटेत त्याने 214 चा 'राम' आणि 4912 चा 'पवार' आम्हांस वाचून दाखवला. मुंबईत चारचाकीसाठी 0001 या क्रमांकाचे शुल्क 2024 साली 4 लाखांवरून 6 लाख रुपये झाले. ज्यास हौस आहे त्याने ते खुशाल भरावे. पैसा सरकारी खजिन्यातच जातो. आमची तक्रार हौसेविषयी नाही, आकडे बिघडवण्याविषयी आहे. 1989 च्या नियमांत अक्षरांचे माप ठरलेले आहे, आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांस एकसारखी पाटी मिळते. एवढेच काय, राष्ट्रपतींच्या मोटारीवरही क्रमांक असावा, असे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले.

शकुंतलेची अंगठी हरवली तेव्हा दुष्यंतासारख्या राजासही ओळख पटली नाही. मोटारीची पाटी ही रस्त्यावरील दुर्बळाच्या हातातील अंगठी होय. ती मालकाच्या मिरवण्यासाठी नाही.

फुलवाली पुन्हा नाक्यावर बसू लागली आहे. टोपली नवी आहे. ती तिने स्वतःच्या पैशाने घेतली.