तिसऱ्या पानावरची चौकट

करारनाम्याच्या तिसऱ्या पानावर सहीची चौकट, अहवालाच्या शेवटच्या पानावर शिक्क्याची जागा, मसुद्याच्या ठरावीक पानांवर आडवी पट्टी: मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मॅक्रो लिहून आकृती बसवण्याचे काम बहुतेक वेळा अशाच शब्दांत सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात पान असते. वर्डच्या फाइलमध्ये मात्र आकृती ज्यावर नेऊन टेकवता येईल असे पान साठवलेले नसते. तिथे परिच्छेद असतात, तक्ते असतात, विभाग असतात. कागदाचा आकार, समास, फॉन्ट, ओळींमधले अंतर आणि प्रिंटर यांचा हिशेब करून वर्ड मजकूर जिथे तोडतो, तिथे पान संपते. एका परिच्छेदात दोन ओळी वाढल्या की हा हिशेब पुन्हा होतो आणि काल तिसऱ्या पानावर असलेला मजकूर आज चौथ्यावर दिसतो.

म्हणून वर्डमधली तरंगती आकृती पानाला बांधलेली नसते, ती एका परिच्छेदाला बांधलेली असते. त्या बंधाला अँकर म्हणतात. मुलाच्या मनगटाला बांधलेल्या फुग्यासारखी ती असते: मूल ज्या खोलीत जाईल त्या खोलीत फुगा. तो छताला टेकेल की खांद्याशी राहील हे दोरीवर ठरते, पण खोली मुलाच्या पायांनी ठरते. आकृती पानावर वर-खाली, डावी-उजवीकडे कुठेही नेता येते, मात्र कोणत्या पानावर दिसायचे हे अँकरचा परिच्छेदच ठरवतो. तो परिच्छेद त्याच्या शेवटच्या चिन्हासकट पुसला गेला, तर आकृतीही त्याच्याबरोबर जाते. ‘मी फक्त एक ओळ काढली आणि शिक्का गायब झाला’ ही तक्रार यातूनच येते.

हे लक्षात घेतले की मॅक्रोचे काम दोन भागांत वाटले जाते. आधी हव्या त्या पानावर सुरू होणारा परिच्छेद शोधायचा, मग त्याला अँकर करून आकृतीचे स्थान पानाच्या कडांपासून मोजून द्यायचे. पुष्कळ मॅक्रो फसतात ते दुसऱ्या भागावर घाम गाळल्यामुळे. लेफ्ट आणि टॉप या आकड्यांशी कितीही खेळले तरी पान बदलत नाही. टॉपला कागदाच्या उंचीपेक्षा मोठा आकडा दिला, तर आकृती पुढच्या पानावर उतरत नाही, त्याच पानाच्या तळाशी अडते. एकदा तयार झालेल्या आकृतीचा अँकर थेट बदलताही येत नाही, कारण तो गुणधर्म केवळ वाचण्यापुरता आहे. आकृती दुसऱ्या पानावर न्यायची तर ती कापून तिथे चिकटवावी लागते, किंवा पुसून नव्याने काढावी लागते. नव्याने काढणे अधिक स्वच्छ.

परिच्छेद शोधण्यासाठी गो-टू ही पद्धत वापरतात. तिला पान हवे असल्याचे आणि पानाचा क्रमांक सांगितला की ती त्या पानाच्या आरंभीची जागा परत देते. इथे तीन खड्डे आहेत. दस्तऐवज पाच पानांचा असताना सातवे पान मागितले, तर चूक दाखवली जात नाही, गुपचूप शेवटचे पान मिळते. दुसरा खड्डा क्रमांकाचा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका सोडून पुढच्या विभागात क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू केले असतील, तर कागदावर छापलेला 3 आणि मोजून येणारे तिसरे पान वेगवेगळे असतात. वर्डच्या इन्फर्मेशन या गुणधर्माकडून हे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारता येतात. सांगणाऱ्याला त्यातला कोणता हवा आहे हे आधी विचारून घ्यावे आणि पोहोचल्यावर तो आकडा मॅक्रोने स्वतः तपासावा.

तिसरा खड्डा सर्वांत फसवा आहे, आणि या कामातली अर्धी डोकेदुखी त्याचीच असते. गो-टूने दिलेली जागा तिसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीची असते, पण ती ओळ ज्या परिच्छेदातली आहे तो कदाचित दुसऱ्या पानाच्या तळाशी सुरू झालेला असतो. आकृती काढताना अँकर म्हणून ही जागा दिली की वर्ड ती जागा घेत नाही, त्या परिच्छेदाचा आरंभ घेतो. आरंभ दुसऱ्या पानावर, म्हणून चौकट दुसऱ्या पानावर. मॅक्रोत चूक दिसत नाही, क्रमांक बरोबर असतो, आणि तरीही निकाल एक पान अलीकडे. गंमत म्हणजे ज्या नमुना फाइलवर मॅक्रो तपासलेला असतो तिच्यात नेमका परिच्छेद पानाच्या माथ्यावरच सुरू होत असतो, त्यामुळे तिथे सगळे सुरळीत चालते.

यावर उपाय सोपा आहे. मिळालेल्या जागेचा परिच्छेद घ्यावा. त्याचा आरंभ पानाच्या आरंभाच्या आधीचा असेल तर पुढचा परिच्छेद घ्यावा, आणि तो अजून त्याच पानावर आहे ना हे पाहावे. एखाद्या कायदेशीर मसुद्यात पानभर पसरलेला एकच परिच्छेद असतो आणि त्या पानावर नवा परिच्छेद सुरूच होत नाही. अशा वेळी मॅक्रोने थांबून तसे सांगावे. परिच्छेद परस्पर तोडून टाकणारे मॅक्रो लिहिले जातात, पण दुसऱ्याच्या मजकुरात न विचारता परिच्छेदचिन्ह घालणे हे आकृती बसवणाऱ्याचे काम नव्हे.

अँकर पक्का झाला की मोजमापाकडे वळता येते. वर्ड सगळी अंतरे पॉइंटमध्ये मोजतो. 72 पॉइंट म्हणजे एक इंच, एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 28.35 पॉइंट, आणि ए-फोर कागद सुमारे 595 बाय 842 पॉइंटांचा. समजा 5 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर उंच चौकट उजव्या कडेपासून 2 आणि खालच्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर हवी आहे. डावीकडून अंतर 21 वजा 5 वजा 2, म्हणजे 14 सेंटिमीटर, सुमारे 396.9 पॉइंट. वरून अंतर 29.7 वजा 2 वजा 3, म्हणजे 24.7 सेंटिमीटर, सुमारे 700.2 पॉइंट. हे आकडे मॅक्रोत तसेच लिहू नयेत. सेंटिमीटरचे पॉइंट करून देणारे फंक्शन वर्डमध्येच आहे, आणि कागदाची रुंदी-उंची अँकरच्या विभागाच्या पेज सेटअपमधून घेता येते. मध्येच एखादा विभाग आडव्या कागदाचा असला की पाठ केलेले 595 उपयोगी पडत नाही.

हे अंतर कुठून मोजायचे, तेही सांगावे लागते. आडवे स्थान समासापासून, पानाच्या कडेपासून, स्तंभापासून किंवा अक्षरापासून मोजता येते. उभे स्थान समासापासून, पानापासून, परिच्छेदापासून किंवा ओळीपासून. ठरावीक जागी बसवायच्या चौकटीसाठी दोन्हीकडे पान निवडतात. क्रम मात्र पाळायचा: आधी मजकूर आकृतीभोवती कसा वाहावा ते ठरवायचे, मग मोजण्याचा आधार, आणि शेवटी लेफ्ट व टॉप. आधी आकडे देऊन मग आधार बदलला, तर वर्ड आकृती होती तिथेच ठेवायला पाहतो आणि आपण दिलेले आकडे बदलून टाकतो. आकृती काढतानाच डावे-वरचे अंतर देण्याची सोय आहे, पण ते कशापासून मोजले जाईल याच्या भरवशावर राहू नये. काढल्यावर पुन्हा स्पष्ट लिहावे.

मधोमध बसवण्यासाठी वजाबाकी-भागाकार करायची गरज नाही. लेफ्टला वर्डचा ‘मध्य’ हा स्थिरांक दिला की झाले. पण नंतर तोच लेफ्ट वाचला, तर अंतराऐवजी उणे 999995 असा आकडा हाती येतो. तो पाहून दचकू नये, तो त्या स्थिरांकाचाच आकडा आहे. मात्र अशा आकृतीच्या शेजारी दुसरी बसवताना तिच्या लेफ्टमध्ये रुंदी मिळवून पुढची जागा काढायला गेले, की दुसरी आकृती भलतीकडे जाते.

अँकर कुलूपबंद करण्याच्या पर्यायाबद्दल फार गैरसमज आहे. त्या कुलपामुळे आकृती पानावर स्थिर होत नाही. माउसने आकृती ओढली तरी अँकर दुसऱ्या परिच्छेदावर सरकत नाही, एवढेच होते. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की कुलूप लावलेली आकृतीही निमूट त्याच्यामागे जाते. ‘मजकुराबरोबर हलू नये’ या पर्यायाचेही तसेच: त्याने उभे अंतर पानापासून मोजले जाते, पान कोणते हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

मजकूर आकृतीभोवती वाहणार असेल, तर आकृती स्वतःच पानाचा हिशेब बिघडवते. चौकट जागा घेते, मजकूर खाली ढकलला जातो, आणि त्या ढकलण्यात अँकरचाच परिच्छेद पुढच्या पानावर गेला तर चौकटही जाते. म्हणून पानावर सुरू होणारे परिच्छेद अनेक असतील, तेव्हा अँकरसाठी पहिला घ्यावा, तळाचा नव्हे. अनेक पानांवर अशा चौकटी बसवायच्या असतील तर पुढून मागे जाण्याचा मोह होतो, कारण पुसण्याच्या कामात तोच क्रम योग्य असतो. इथे उलट आहे. दहाव्या पानावर आधी चौकट घालून मग तिसऱ्यावर घातली, तर तिसऱ्यावरच्या चौकटीने ढकललेला मजकूर दहाव्यावरची चौकट अकराव्यावर नेऊ शकतो. पहिल्या पानापासून पुढे जावे आणि प्रत्येक चौकटीनंतर पाने नव्याने मोजायला लावावीत. चौकट मजकुराच्या मागे किंवा पुढे तरंगणारी असेल, तर हा सगळा प्रश्न उद्भवत नाही.

अँकरचा परिच्छेद तक्त्याच्या कप्प्यात सापडला, तर अंतर पानाऐवजी कप्प्यापासून मोजले जाऊ शकते. शक्य असेल तिथे तक्त्याबाहेरचाच परिच्छेद निवडावा.

एकच आकृती विभागाच्या सर्व पानांवर हवी असेल तर ती हेडरला अँकर करावी. ‘मसुदा’ अशी फिकट अक्षरे पानामागे दिसतात ती बहुधा अशीच बसवलेली असतात. दस्तऐवजाच्या आकृत्यांच्या संग्रहात हेडरमधल्या आकृत्या येत नाहीत, त्यामुळे त्या पुसताना मॅक्रोने हेडरमध्येच शोधावे लागते. हेडरचा एक वेगळा उपयोगही आहे. तिथल्या परिच्छेदात ‘पान क्रमांक 3 असेल तर हे दाखव’ अशी फील्डची अट घालता येते. मजकूर कितीही सरकला तरी अटीतला मजकूर त्या क्रमांकाच्या पानावरच दिसतो. खऱ्या अर्थाने पानाला बांधण्याच्या वर्डमधल्या वाटा थोड्या आहेत, आणि ही त्यांतली सर्वांत भरवशाची. दुसरी वाट म्हणजे पानच पक्के करणे: ज्या परिच्छेदाला अँकर करायचे त्याच्या आधी नवे पान सुरू व्हावे, हा गुणधर्म त्या परिच्छेदालाच द्यायचा. सहीचे पान जिथे वेगळेच असायला हवे, तिथे यापुढे काही करावे लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. वर्डचा मॅक्रो लिहिण्याचा संपादक युनिकोड जाणत नाही, त्यामुळे कोडमध्ये देवनागरी शब्द टाकला की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ‘मसुदा’ हा शब्द मग आकड्यांतून जोडावा लागतो: 2350, 2360, 2369, 2342, 2366, म्हणजे म, स, उकार, द आणि काना. प्रत्येक आकडा अक्षर करून देणाऱ्या फंक्शनमधून काढून ओळीने जोडला की शब्द नीट दिसतो. एखाद्या शब्दापुरते हे चालते. ‘सदर प्रत मूळ प्रतीवरून तपासली’ एवढे वाक्य असे लिहिणे म्हणजे शिक्षाच. ते वाक्य दस्तऐवजातच कुठेतरी टंकून त्याला बुकमार्क द्यावा आणि मॅक्रोने तिथून उचलावे. वाक्य बदलायचे झाले तर कार्यालयातल्या कोणालाही कोड न उघडता ते बदलता येते.

फॉन्टचा फटकाही देवनागरीला जास्त बसतो. एका संगणकावर मजकूर ज्या फॉन्टमध्ये लावला तो दुसऱ्यावर नसला की वर्ड दुसरा घेतो. देवनागरी फॉन्टांच्या ओळींच्या उंचीत बराच फरक असतो, त्यामुळे वीस पानांच्या मसुद्यात पाने सहज सरकतात. लपवलेला मजकूर पडद्यावर दाखवण्याचा पर्याय चालू असला तरी पाने बदलतात. म्हणून मॅक्रो सगळ्यात शेवटी, छापण्याच्या वेळी असतील त्याच सेटिंगमध्ये चालवावा आणि लगेच पीडीएफ काढावी.

मॅक्रो दोनदा चालला तर चौकटीवर चौकट बसते आणि डोळ्यांना ती एकच दिसते. प्रत्येक आकृतीला काढतानाच ठरावीक नाव द्यावे आणि मॅक्रोच्या आरंभी त्या नावाच्या जुन्या आकृत्या पुसाव्यात. पुसताना मात्र शेवटच्या क्रमांकापासून मागे यावे, नाहीतर मधल्या सुटतात.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे परिच्छेद आणि अक्षर यांच्याबरोबर थेट पानाला अँकर करण्याचा प्रकारही आहे. मॅक्रोत अँकरचा प्रकार पान ठरवून पानाचा क्रमांक दिला की आकृती त्या क्रमांकाच्या पानावर राहते, मजकूर कुठेही जावो. अंतरे तिथे पॉइंटऐवजी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात द्यायची, म्हणजे 14 सेंटिमीटरसाठी 14000. ही सोय फाइल रायटरच्या स्वतःच्या ओडीटी स्वरूपात असेपर्यंतच टिकते. वर्डच्या डॉक्स स्वरूपात पानाला बांधलेला अँकर नाही, त्यामुळे फाइल तशी जतन केली की आकृतीला पुन्हा एखादा परिच्छेद गाठावा लागतो, आणि तो कोणता हे उघडून पाहावे लागते.