सहाणेवर घासलेला बहावा

सहाणेवर चंदन उगाळतात हे आपल्या सर्वांनाच ठाऊक आहे. पण सहाणेवर झाडाचं बी घासलेलं कधी पाहिलंय? आमच्या घरी गेल्या वैशाखात हे घडलं खरं!

घर आणि अर्धवेळ शाळा सांभाळून मी आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याशी रोपवाटिकेत जाते. हौशी माणसांनी चालवलेली. पगार नाही की सक्ती नाही. तिथे फक्त आपल्याकडची झाडं : पळस, पांगारा, काटेसावर, बेहडा, आपटा. "गुलमोहर नाही का?" असं पहिल्याच दिवशी विचारून मी हसं करून घेतलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि टेकड्यांवर माजलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं! बी.ए. झाले, पण हे काही कुठल्या पेपरात आलं नव्हतं.

माझ्या माहेरी दारात बहावा होता. आईच्या हातचा. आई गेली आणि पुढच्याच वर्षी रस्ता रुंद करताना तो तोडला. अण्णांनी त्याची एकच शेंग जपून ठेवली होती. ती माझ्या हातात देत म्हणाले, "तू रोपं करतेस ना? बघ जमतंय का." बस्स, एवढंच.

हातभर लांब काळी शेंग. आत पैशांसारख्या चकत्या, चिकट गर आणि प्रत्येक कप्प्यात एक टणक बी. साठेक बिया निघाल्या. बहाव्याच्या बीचं कवच इतकं कठीण की पाणी आत शिरतच नाही. म्हणून उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात बी रात्रभर ठेवायचं असतं. मी काय केलं? चाळीस बिया पातेल्यात टाकल्या आणि खाली गॅस तसाच चालू! तेवढ्यात वह्या तपासायला बसले. वीस दिवस वाट पाहिली, एकही कोंब नाही. अहो, वरण शिजवावं तशा बिया शिजवल्या होत्या मी! अण्णांचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं.

शेवटी सासूबाईंजवळ रडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी आत जात नाही ना? मग सालच झिजव की. देवाची सहाण नको, माळ्यावरची जुनी काढ." आम्ही दोघी दुपारभर बसलो. कोंब फुटतो ती बाजू सोडून एकेक बी कडेला घासली, आतला फिका रंग दिसेपर्यंतच. रात्री साध्या पाण्यात भिजत घातल्या. सकाळी टम्म फुगल्या होत्या! दोन फुगल्या नव्हत्या, त्या पुन्हा घासल्या. रोपवाटिकेत सांगितलं तर तिथले जुने लोक म्हणाले, "हीच तर खरी रीत."

मग धुतलेल्या दुधाच्या पिशव्या घेतल्या, दाभणाने तळाशी भोकं पाडली, दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा कुजलेलं शेणखत भरलं. बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल, जास्त नाही. झारीने हलकं पाणी. वीसांपैकी चौदा उगवल्या.

आज ती रोपं माझ्या गुडघ्याला लागतात. येत्या पावसात एक अण्णांच्या परसात जाईल. फुलं यायला बरीच वर्षं लागतील, आणि अण्णा ऐंशीचे आहेत. मी तसं चाचरत म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्या आईने लावला तेव्हा तिने तरी कुठे वर्षं मोजली होती?" शिजवलेल्या चाळीस बियांचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेलच!

तुम्हीही करून पाहा. एक लक्षात ठेवा : बहाव्याचं बी वर्षभर टिकतं, पण जांभळाचं आणि कडुनिंबाचं नाही, ते गर धुऊन लगेच पेरावं. तेव्हा यंदा जांभळं खाल्लीत की बिया केरात टाकू नका.