सातबारा वाचल्याशिवाय इसार देऊ नका

आपल्या समाजात घर म्हणजे गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे पहिले हक्काचे ठिकाण. भाड्याची खोली मागताना आजही आडनाव विचारले जाते. म्हणून नगरच्या एमआयडीसीत राबणारा आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन केडगाव, नागापूरकडे एक-दोन गुंठे शोधतो. त्याला सांगितले जाते, "आता नोटरी करू, खरेदी नंतर बघू." आम्ही स्पष्ट सांगतो, नोटरी म्हणजे खरेदी नव्हे.

100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागते. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एकत्र जोडून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात ठणकावून सांगितले आहे.

पण नोंदणी झाली म्हणजे संपले असेही नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. म्हणून सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2? इतर हक्कात काय लिहिले आहे? जुने फेरफार काय सांगतात?

वर्ग-2 हा शब्द आमच्यासाठी कोरडा नाही. त्यामागे महार वतन आहे. साऱ्या गावाची आणि सरकारची चाकरी करायची आणि बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते घ्यायचे. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकायच्या नाहीत या अटीवर.

काहीजण म्हणतात, या अटीमुळेच आमच्या जमिनी अडकल्या. आम्हाला हे मान्य नाही. अटीने जमीन गेली नाही, अट चुकवून गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याचे प्रकरण गाजले. सुमारे 40 एकर महार वतनाची जमीन, 300 कोटींचा व्यवहार, आणि दस्त चक्क नोंदवलाही गेला होता. जिथे कोट्यवधींचा दस्त असा होतो, तिथे दोन गुंठ्यांच्या दस्तावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा?

यात दोघे नागवले जातात. एक, ज्याच्या आजोबांचा अंगठा घेतला तो वतनदार. दुसरा, त्याच जमिनीचा तुकडा घेणारा गरीब ग्राहक. अनेकदा दोघेही आपलेच. शर्तभंग ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि मधला दलाल पैसे मोजून केव्हाच निघून गेलेला असतो. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे हा तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. अकोले तालुक्यातली आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. महसूल संहितेचे कलम 36-अ आपण स्वतः पाळले पाहिजे.

म्हणून इसार देण्याआधी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या. बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट मागा. जमीन वर्ग-2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत घेऊन तो क्रमांक कार्यालयात जाऊन तपासा. फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

सगळा भार ग्राहकावर टाकून सरकारने मोकळे होऊ नये. परवानगीचा आदेश पडताळल्याशिवाय वर्ग-2 चा एकही दस्त नोंदवला जाऊ नये, ही आमची मागणी आहे. तोवर रविवारी विहारात वंदनेनंतर एक सातबारा मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांच्या लेकरांनी न वाचता सही करू नये.

जय भीम!