स्थिर हवेच्या शोधात

ताऱ्याचे लुकलुकणे कवीला प्रिय असते. खगोलशास्त्रज्ञाला ते जाचते. शेकडो वर्षांचा प्रवास अविचल करून आलेला किरण अखेरच्या काही कोसांत, पृथ्वीच्या उष्ण-शीत हवेच्या थरांतून येताना डळमळतो आणि ताऱ्याचा बिंदू पसरून धूसर ठिपका होतो. १७०४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाचा कर्ता न्यूटन यानेच उंच शिखरांवरील शांत हवेचा उपाय सुचविला होता.

परंतु उंच ते सारेच शांत नसते. वारा कड्यावर आदळून घुसळला गेला, तर तेथील तारेही थरथरतात. म्हणूनच दुर्बीण उभारण्यापूर्वी त्या जागेची दीर्घ परीक्षा घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखमधील हान्ले येथे ही परीक्षा मांडली. सुमारे ४,५०० मीटर उंची. श्वासाला मिळणारी हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही विरळ. हिवाळ्यातील पारा शून्याखाली पंचवीस अंशांच्याही खाली जाणारा.

या परीक्षेची एक रीत मननीय आहे. लहान दुर्बिणीच्या तोंडावर दोन छिद्रे असलेले झाकण बसवून एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा घेतात. वाऱ्याने दुर्बीण हलली, तर दोन्ही प्रतिमा सारख्याच हलतात. तो दोष साधनाचा. त्यांच्यातील अंतर जेवढे कमीजास्त होते, तेवढाच दोष हवेच्या नावे लिहिला जातो. परीक्षकाने आपले थरथरणे आधी वजा करावे आणि मगच समोरच्याविषयी बोलावे, हा विवेक या साध्या यंत्रात आहे.

त्याबरोबर ढगांची, वाऱ्याची आणि बाष्पाची नोंद चालते, कारण बाष्प अवरक्त किरण गिळून टाकते. एखादी विलक्षण निर्मळ रात्र मोह घालते. पण निवाडा तिच्या भरवशावर करता येत नाही. सर्व ऋतूंतील सामान्य रात्रींचीच साक्ष ग्राह्य धरली जाते. एकदा रोवलेली दुर्बीण दुसऱ्या डोंगरावर नेता येत नाही.

हान्ले या कसोटीला उतरले. सप्टेंबर २००० मध्ये तेथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीत पहिला प्रकाश आला. बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत ती चालविली जाते. त्या विरळ हवेत श्वास न घेताही आता तेथील आकाश पाहता येते.

हवेची परीक्षा अशी पार पडली, तरी अंधाराची कधीच संपत नाही. हवेची स्थिरता निसर्गाची देणगी आहे. अंधार मात्र माणसांनी राखावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये हान्ले परिसर अंधारे आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. खिडकीला पडदा लावणे, दिव्याचा झोत खाली वळविणे, ही कामे वेधशाळेची नव्हेत, गावकऱ्यांची आहेत. दूरच्या ताऱ्याचे भवितव्य अखेर एखाद्या घरातील दिव्याशी बांधलेले असते.