मल्खाचा कान



आमच्या चर्चमध्ये गायकवृंदाजवळचा मॉनिटर स्पीकर सारखी शिट्टी मारायचा, म्हणून आम्ही कानात घालायचे इन-इअर मॉनिटर आणले. आमचा मिक्सर लहानसाच. त्याच्या ऑक्समधून आवाज छोट्या हेडफोन अँप्लिफायरला आणि तिथून वायरने कानात. शिट्टी थांबली. मी खूश होतो.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्साला दहा मिनिटे होती. एका कंडेन्सर माइकची केबल सैल वाटली, म्हणून मी ती उपसून पुन्हा खोचली. ४८ व्होल्टचे फँटम पॉवर चालू होते आणि त्या चॅनेलचे ऑक्सही उघडे. कीबोर्डवरच्या मुलाच्या कानात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. त्याने इअरफोन ओढून काढला. बिचारा पूर्ण मिस्साभर वाजवत राहिला आणि नंतर म्हणाला, “सर, उजव्या कानात अजून कुईं होतंय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईबरोबर मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत ऐकणे शाबूत निघाले आणि दोन दिवसांत आवाजही थांबला. पण डॉक्टर म्हणाले ते विसरलो नाही : आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मला गेथशेमाने आठवले. पेत्रही प्रभूचेच काम करत होता. त्याने घाईने तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा उजवा कान तुटला. योहान त्या दासाचे नाव सांगतो, मल्ख. प्रभूने तो कान स्पर्शाने बरा केला, हे फक्त लूक सांगतो. स्वतःला धरून नेले जात असतानाही प्रभूला एका दासाच्या कानाची फिकीर होती. आणि मला मिस्सा वेळेवर सुरू होण्याची!

आता आमचा क्रम ठरलेला आहे. केबल जोडेपर्यंत सगळ्यांचे इअरफोन कानाबाहेर. जोडणी बदलायची तर आधी फँटम बंद, त्या चॅनेलचे ऑक्स शून्यावर. मिक्सर आधी चालू, हेडफोन अँप्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना याच्या उलट. मॉनिटरचे ऑक्स प्री-फेडर, म्हणजे मी सभागृहाचा आवाज वाढवला तरी गायकाच्या कानातला वाढत नाही. मध्ये एक लिमिटर, अचानक आलेला मोठा आवाज आवरायला. इअरफोन घातल्यावर आवाज शून्यापासून हळूहळू वर आणायचा.

आवाज किती ठेवायचा? कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते; १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. आमचा सराव दोन तास चालतो, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

आणखी एक. लोकांचे गाणे ऐकू येत नाही म्हणून गायक एक कान उघडा ठेवतात आणि मग दुसऱ्या कानातला आवाज वाढवत नेतात. त्यावर उपाय म्हणून आम्ही लोकांच्या दिशेने एक माइक लावला आणि त्याचा थोडा आवाज इन-इअरमध्ये दिला. आता दोन्ही कान बंद ठेवूनही मंडळीचे प्रतिसाद ऐकू येतात. गायकवृंद लोकांसाठी आहे. लोकच ऐकू आले नाहीत तर आपण कोणाबरोबर गातो?

तो मुलगा अजूनही कीबोर्ड वाजवतो. दर रविवारी तो माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो आणि मगच तो इअरफोन घालतो. त्या विश्वासाचे मला ओझे वाटते, आणि ते वाटावे.

प्रार्थना : हे प्रभो, तुझ्या सेवेच्या घाईत आमच्या हातून कोणालाही इजा होऊ देऊ नकोस. जे कान आमच्या हवाली केले आहेस ते जपायला आम्हांला शिकव. आमेन.