खरसुंडीचा बाजार व जनावराचा स्वभाव

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यांत खरसुंडी हें सिद्धनाथाचें गांव आहे. येथील पौषी यात्रा जितकी देवाची, तितकीच खिल्लार जनावरांची. माणदेशाचें माळरान पावसाला पारखें. तेव्हां थोड्या चाऱ्यावर जगणारें काटक जनावरच येथें टिकलें.

आम्ही दोन प्रहर बाजारांत हिंडलों. पांढरेंशुभ्र अंग, मागें जाऊन पुन्हां वर वळलेलीं टोकदार शिंगें पाहून डोळे निवतात. परंतु जाणतें गिऱ्हाईक रूपावर भुलत नाहीं. तें दात पाहतें, पाठीवरून हात फिरवितें, आणि जनावर कान कसे टवकारतें, डोळ्यांतला पांढरा भाग दाखवितें कीं काय, हें न्याहाळतें. शेवटीं मानेवर जूं देऊन चार पावलें चालवून बघतें. रूपाचे पैसे एकदांच मोजावे लागतात. स्वभावाशीं मात्र रोजची गांठ असते.

खिल्लार ओढकामासाठीं व वेगासाठीं पारखलेलें. म्हणून तें तापट, आणि दुधास बेताचें. लातूरकडील देवणी त्या मानानें शांत. तिची गाय दूध देते व बैलही कामास येतो. स्वभाव कांहीं अंशीं रक्तांतूनच उतरतो. यास्तव मारका वळू कितीही देखणा असला तरी पैदाशीस ठेवूं नये. उरलेला भाग माणसाच्या हातचा. लहानपणीं ज्या वासराच्या अंगावरून रोज हात फिरला, तें पुढें बुजत नाहीं. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हा गोठ्यांतला जुना अनुभव. भीतीनें शरीरांत होणारा स्राव दूध उतरूं देत नाहीं, हें शास्त्रानेंही दाखविलें आहे.

जुंवास जोडण्याजोग्या गोऱ्ह्याला संस्कृतांत ‘दम्य’ म्हणतात. इंद्रियनिग्रहाचा ‘दम’ त्याच धातूपासून झालेला. जनावराचें तेज न मोडतां त्याला वळण लावणें, हाच त्यांतला भाव आम्हांस दिसतो. चाबकानें तें साधत नाहीं.

बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ सालीं बंदी आली. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा ग्राह्य धरला. औत ट्रॅक्टर ओढूं लागल्यावर शर्यतीनें खिल्लाराला पुन्हां मोल आणलें, हें खरें. पण केवळ वेगासाठींच वळू निवडले गेले, तर घरांतील बायकामुलांनीं निर्धास्तपणें जवळ जाऊन वैरण टाकावी, असें खिल्लार उरणार नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं अद्याप गोठा आहे, त्यांनीं मुलांना वासराजवळ रोज घटकाभर तरी धाडावें. वासरूं माणसाळेल, आणि मुलेंही कांहीं शिकतील.