थबकलेले पाऊल : वणी परिसरातील रानात मृगांच्या सावधपणाचा वेध

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला निर्गुडा नदीच्या काठी वसलेल्या वणीची ओळख आज बहुतेकांना कोळशामुळे आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी याच गावी झाला. श्री रंगनाथस्वामी हे येथील ग्रामदैवत. काळ्या कसदार जमिनीमुळे कापसाची उलाढाल येथे पूर्वापार चालत आली. परंतु परगावचा प्रवासी वणीत उतरतो, तेव्हा त्याच्या नजरेला प्रथम पडतात त्या कोळशाच्या ट्रकांच्या रांगा आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर साचलेली काळी धूळ. निलजई, उकणी यांसारख्या उघड्या खाणी तालुक्यातच आहेत. अशा गावाच्या आसपास वन्य प्राण्यांचे काही पाहण्याजोगे असेल, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.

वस्तुस्थिती वेगळी आहे. खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगराएवढे ढिगारे वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यांवर वेडी बाभूळ माजते आणि त्या काटेरी आडोशाला रोही, रानडुक्कर वस्तीला येतात. त्यांच्या मागावर कधी वाघही येतो. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि पुढे ताडोब्याचे विस्तीर्ण अरण्य. पश्चिमेला मारेगाव, करंजी मार्गे पांढरकवड्याकडे निघाले की कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शेतांमधून सागाची राने डोकावू लागतात. पांढरकवड्याच्या पुढे टिपेश्वर अभयारण्य आहे. टिपाई देवीच्या नावावरून हे नाव पडले. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. सुन्ना येथील प्रवेशद्वारातून पर्यटक आत जातात. त्यांतील बहुतेकांना वाघ पाहायचा असतो. हरणांचा कळप दिसला की जिप्सी क्षणभर थांबते आणि पुढे निघते. वास्तविक अरण्याची भाषा शिकायची, तर त्या कळपापाशी थांबायला हवे.

उन्हाळ्यातील सकाळ. साग निष्पर्ण झालेला, पळसाचा बहर ओसरलेला, मोहाखाली फुलांचा सडा. पाणवठ्याकडे चितळांचा कळप येत असतो. पुढे एखादी वयस्क मादी, मागे इतर माद्या आणि पाडसे, आणि कळपाच्या कडेला, किंचित अंतर राखून, मोठ्या शिंगांचा नर. एवढ्यात काहीतरी घडते. माणसाला काहीच ऐकू आलेले नसते, पण मादीचे पुढचे पाऊल हवेतच थबकते. मान ताठ होते, दोन्ही कान एकाच दिशेला वळतात. क्षणार्धात सगळा कळप चित्रातल्यासारखा निश्चल उभा राहतो.

या निश्चलतेला कारण आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचा फार मोठा भाग एकाच वेळी दिसतो. हालचाल त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही, मात्र स्थिर वस्तू नेमकी कोणती, हे ओळखणे त्याला अवघड जाते. रंगही त्याला आपल्याइतके दिसत नाहीत. तांबडा-नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्याच्या डोळ्याला कळत नाही. आपल्याला झळझळीत वाटणारा वाघाचा पट्टेरी देह हरणाच्या दृष्टीने पानापाचोळ्याच्याच रंगाचा असतो. म्हणून ते डोके वरखाली हलवून पाहते. समोरची आकृती थोड्या वेगळ्या कोनातून दिसावी आणि तिचे अंतर कळावे, यासाठी. नाकपुड्या फुलवून वारा हुंगते. मग पुढचा खूर जमिनीवर आपटते. त्या आपटण्याने कळपाला इशारा मिळतो आणि दडलेल्या प्राण्यालाही कळते, की आपण दिसलो आहोत. लपून झडप घालणाऱ्या शिकाऱ्याची निम्मी शक्ती तिथेच संपते. त्यानंतर शेपटी उभारली जाते, तिच्या खालची पांढरी बाजू चमकते आणि चितळाचा तीक्ष्ण हाकारा रानभर घुमतो. झाडावरचे वानर वरून पाहून त्याला साथ देतात. वानर खातात कमी आणि खाली टाकतात अधिक. त्या पडलेल्या पानाफळांवर चितळ चरतात, आणि संकटाची वार्ता दोघेही एकमेकांना देतात.

सांबराची रीत निराळी. भारतातील हे सर्वांत मोठे हरीण प्रायः रात्री चरते आणि मोठा नर बहुधा एकटा राहतो. चितळ पुष्कळदा नुसत्या संशयानेही ओरडते. सांबर मात्र खात्री पटल्याखेरीज सहसा आवाज काढत नाही. म्हणूनच त्याचा घणासारखा 'ढाँक' ऐकू आला, की वाटाड्या गाडी थांबवतो. चितळाच्या हाकेवर तो कान देतो, सांबराच्या हाकेवर विश्वास ठेवतो. रानकुत्र्यांचा कळप पाठीस लागला, तर सांबर खोल पाण्यात शिरून उभे राहते. ज्याचा शत्रू जसा, तसा त्याचा बचाव.

आता प्रश्न येतो तो पिकलेल्या नराचा. शिंगांचा भार मिरवणारा, अनेक उन्हाळे-पावसाळे पाहिलेला नर शत्रूची चाहूल लागल्यावर काय करतो? तरुण नर बुजतो आणि उधळतो. उधळणारा प्राणी चटकन दिसतो. त्याची दिशाही कळते. पिकलेला नर पुष्कळदा धावतच नाही. तो जागच्या जागी उभा राहतो, शिंगे पाठीवर झुकवतो, आणि मग पाचोळाही वाजू न देता झुडपांच्या आड सरकत नाहीसा होतो. कित्येकदा तो तिथे होता, हे शिकाऱ्याला कळतही नाही.

संस्थानिकांच्या आणि इंग्रज अंमलदारांच्या काळी 'हाका' घालून शिकार होत असे. गावोगावचे हाकारे डबे-ढोल वाजवीत रान उठवीत आणि पुढे मचाणावर बंदूकधारी सज्ज बसत. बावरलेली जनावरे नेमकी मचाणाच्या दिशेने धावत. थोराड सांबर मात्र झुडपात दबून राही, आरडाओरडा अगदी जवळ येऊ देई आणि हाकाऱ्यांच्याच रांगेतून उलट दिशेने निसटून जाई. गोंगाट कुठे आहे यापेक्षा शांतता कुठे आहे, याची त्याला अधिक भीती वाटत असावी.

वऱ्हाडात फासेपारध्यांनी काळविटाच्या शिकारीसाठी याहून सूक्ष्म युक्ती योजली होती. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने ते हळूहळू कळपाजवळ जात. गुराढोरांना न भिणारे काळवीट माणसाचे पाय ओळखू शकत नसे. पोटासाठी जन्मभर रान वाचणाऱ्या त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : हरणाची भीती सरसकट नसते. कोणाला भ्यावे आणि कोणाला नाही, हे ते अनुभवाने ठरवते.

दूरदेशीच्या अनुभवानेही याला दुजोरा मिळतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे. तेथील शिकाऱ्यांना जाळीदार ठशांच्या कपड्यांवर भडक नारिंगी जाकीट घालावे लागते. बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात तसा नियमच आहे. ते माणसाला लांबून दिसते, हरणाला त्याचा रंग जाणवत नाही. तेथे पिकलेल्या नरांच्या गळ्यात कॉलर बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या गेल्या आहेत. हंगाम सुरू झाला म्हणून हे नर मुलूख सोडून पळून जात नाहीत, असे त्यांत आढळले. दिवसाचे हिंडणे ते कमी करतात, दाट झाडी धरतात आणि उघड्या कुरणात अंधार पडल्यावरच येतात. शंका आली तर वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातात. डोळ्याला दिसलेले खोटे असू शकते, वासाला कळलेले सहसा खोटे ठरत नाही. थांबणे, पडताळून पाहणे आणि मगच पाऊल उचलणे, हा क्रम टिपेश्वरच्या सांबराचा तसाच त्यांचाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जुना शौक बंद झाला. पण भय संपले असे म्हणता येत नाही; त्याचे रूप बदलले. वणी, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यातील शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. रोही शास्त्रीयदृष्ट्या हरणांच्या कुळातला नाही, पण सावधपणात त्यांचाच सोबती. त्याचा कळप एका रात्रीत तुरीचे शेत उद्ध्वस्त करतो. बुजगावणे उभे केले, तर पहिले काही दिवस तो लांबूनच निरखतो. त्याला हालचाल नाही, माणसाचा वास नाही, असे ध्यानात आले की त्याच्याच सावलीत चरू लागतो. मग कर्जाने वाकलेला एखादा शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतो. त्या तारेला हालचाल नाही, आवाज नाही, वासही नाही. हरणाची लक्षावधी वर्षांची सारी सावधगिरी तिथे निरुपयोगी ठरते. विदर्भात अशा तारांनी हरणे आणि रोही मेले, वाघ मेले आणि अंधारात शेतावर गेलेली माणसेही मेली. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याचा संतापही समजण्याजोगा आहे. परंतु सौरऊर्जेवर चालणारे, क्षणिक धक्का देऊन जनावराला परतवणारे 'झटका मशीन' उपलब्ध असताना आणि अशा कुंपणासाठी अनुदानाची योजना असताना, जीव घेणारी तार हा मार्ग असू शकत नाही. नुकसानभरपाई वेळेवर हाती पडणे, हीदेखील त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे.

हरणाच्या सावधपणाशी माणसाच्याही जिवाचा संबंध आहे, हे या भागाने जवळून अनुभवले. टी-१ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या रानात तिला गोळी घालण्यात आली. तोवर पांढरकवडा-राळेगाव भागातील गुराखी, कापूस वेचणाऱ्या बाया आणि कोलाम पोडांतील कुटुंबे दोन वर्षे भीतीच्या छायेत जगत होती. रानालगत राहणाऱ्या माणसाला चितळाची हाक कळते. ती ऐकली की तो गुरे वळवतो, बरोबरच्यांना आवाज देतो. हरीण स्वतःच्या कळपासाठी ओरडते. पण ऐकणारा माणूसही त्या क्षणी त्या कळपाचाच होतो. ज्या रानातून हरणे नाहीशी होतात, त्या रानात ही हाक देणारे कोणी उरत नाही आणि भुकेला वाघ गुरांकडे वळतो.

टिपेश्वरमध्ये आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पर्यटकांच्या गाड्या जवळून गेल्या तरी चितळे चरत राहतात. त्याच वाटेवर एखादा वनरक्षक पायी दिसला, की माना ताठ होतात. गाडीने कधी इजा केली नाही. दोन पायांवर चालणाऱ्या आकृतीचा अनुभव वेगळा आहे. पाडसू हे सारे आईच्या मानेकडे पाहून शिकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतील ६२ सस्तन प्रजातींच्या दिनक्रमाची पाहणी होती. माणसाचा वावर वाढतो तिथे हे प्राणी अधिकाधिक रात्री वावरू लागतात, असा त्याचा निष्कर्ष. माणसाच्या हाती बंदूक असो वा नसो.

सोळावे तीर्थंकर श्री शांतिनाथ यांचे लांछन मृग आहे. अभय देणे म्हणजे काय, हे त्या चिन्हाकडे पाहून आठवावे. अभय शब्दांनी देता येत नाही. हरीण माणसाला किती जवळ येऊ देते, त्या अंतरावरून ते मोजले जाते. तार, फासा आणि सुटे कुत्रे नसलेल्या रानात ते अंतर हळूहळू कमी होते. एका दुष्कृत्याने ते पुन्हा वाढते आणि पुढच्या पिढीच्या पाडसांच्या खाती जमा होते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग निसर्गप्रेमींना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो. ज्या मचाणावरून पूर्वी बार उडत, तसल्याच मचाणावर आता कागद-पेन्सिल घेऊन माणसे निःशब्द बसतात. अशा रात्री थोराड सांबर येते ते सर्वांच्या शेवटी. पाण्यापासून वीस पावलांवर थांबते, वारा हुंगते, मचाणाच्या दिशेने बराच वेळ पाहते. कधी पाणी पिते, कधी तहानलेलेच परत फिरते. त्याने पाणी प्यावे, एवढीच इच्छा वरच्या माणसांच्या मनात असते. ती त्याला कळवण्याचा, हालचाल न करणे याखेरीज दुसरा मार्ग त्यांच्याजवळ नसतो.

परतीच्या वाटेवर वणी जवळ येते. दिवेलागणीची वेळ, खाणीकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे, हवेत कोळशाचा वास. रस्त्याच्या कडेला, मातीच्या ढिगाऱ्यापाशी, एखादा निळसर करडा रोही उभा दिसतो. धडधडत जाणाऱ्या ट्रकांकडे तो पाहतही नाही. एखादा ट्रक थांबतो, दार उघडते, चालक पाणी पिण्यासाठी खाली उतरतो. रोह्याचे कान वळतात, पुढचे पाऊल थबकते. चालक बाटली तोंडाला लावून पुन्हा वर पाहतो, तेव्हा तिथे वेड्या बाभळीची एक फांदी तेवढी हलत असते.